आईना महालाच्या बाहेर

२०२० च्या जून महिन्यात अमेरिकेत एक जुना चित्रपट दोन आठवड्यांसाठी फडताळात गेला. नाव ‘गॉन विथ द विंड’. मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला होता, शहरोशहरी लोक रस्त्यावर उतरले होते, आणि गुलामगिरीच्या दिवसांना सोन्याचा मुलामा देणारा हा चित्रपट अशा वेळी घराघरांत चालू ठेवायचा का, हा प्रश्न एचबीओ मॅक्सला टाळता येईना. त्यांनी तो उतरवला आणि महिना संपायच्या आत परत लावला. कापाकापी काही केली नाही. फक्त आरंभी जॅकलिन स्टुअर्ट या चित्रपट-अभ्यासक प्राध्यापिकेचे चार-साडेचार मिनिटांचे निवेदन जोडले. चित्रपट का बघावा, आणि बघताना त्याने काय झाकून ठेवले आहे याचे भान का ठेवावे, ते त्या सांगतात. ऐंशी वर्षांच्या चित्रपटाला अखेर प्रस्तावना मिळाली.

आपल्या ‘बाजीराव मस्तानी’च्या वाट्याला प्रस्तावना आली नाही, घोषणा आल्या. १८ डिसेंबर २०१५ ला तो प्रदर्शित झाला त्या दिवशी कोथरूडच्या सिटी प्राईडमधले सुरुवातीचे खेळ निदर्शनांमुळे रद्द झाले. मग खेळ सुरळीत झाले, राष्ट्रीय पुरस्कार आले, वाद विरला आणि चित्रपट टीव्हीवर रविवार दुपारचा झाला. माण-हिंजवडीत राहणाऱ्या आम्हा काही सिनेमावेड्यांनी हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले, भांडलो, आणि त्या भांडणातून झालेली टिपणे पुढच्या पानांवर आली आहेत. कुणी कपड्यांवर लिहिले आहे, कुणी गाण्यांवर, कुणी ‘राऊ’ कादंबरीवर. प्रस्तावना माझ्याकडे आली ती ज्येष्ठ म्हणून. ज्येष्ठांनी थोडक्यात आटपावे अशी अपेक्षा होती, ती मी पाळलेली नाही.

आधी अमेरिकेचे आटपून घेऊ. अटलांटाच्या मार्गारेट मिचेल या एके काळच्या बातमीदार बाई. त्यांची हजार पानांची कादंबरी १९३६ मध्ये आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळाले. डेव्हिड सेल्झनिक या निर्मात्याने चित्रपटाला हात घातला तेव्हा नायिकाही ठरलेली नव्हती. तरी १९३८ च्या डिसेंबरात त्याने अटलांटा शहर जळतानाचा प्रसंग उरकून घेतला. स्टुडिओच्या आवारातले जुने सेट पेटवून दिले. त्यांत ‘किंग काँग’मध्ये वापरलेली अवाढव्य भिंतही गेली. दार्जिलिंगला जन्मलेल्या व्हिव्हियन लीचे नाव त्यानंतर पक्के झाले. दिग्दर्शक बदलत राहिले. जॉर्ज क्युकर गेला, व्हिक्टर फ्लेमिंग आला, तो थकला तेव्हा सॅम वूडने गाडा ओढला. पाटीवर नाव लागले फ्लेमिंगचे. ज्या ‘टारा’ नावाच्या घरासाठी नायिका जिवाचे रान करते ते घर म्हणजे नुसता दर्शनी भाग होता. पुढे खांब आणि खिडक्या, मागे टेकू. तरीही जॉर्जियात जाऊन लोक टाराचा पत्ता विचारत राहिले.

१५ डिसेंबर १९३९ ला अटलांटात पहिला खेळ झाला. राज्याच्या गव्हर्नरने सुट्टी जाहीर केली, लाखो लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. आदल्या रात्री नृत्याचा मोठा समारंभ होता आणि तिथे एका कृष्णवर्णीय चर्चच्या गायकवृंदाला गुलामांच्या वेशात उभे करून गायला लावले होते. त्या गाणाऱ्यांत दहा वर्षांचा एक मुलगा होता, मार्टिन ल्यूथर किंग. चित्रपटात मॅमी झालेली हॅटी मॅकडॅनियल मात्र त्या सोहळ्याला नव्हती. अटलांटाच्या थिएटरात गोऱ्या सहकलाकारांच्या शेजारी बसायला तिला कायद्यानेच मनाई होती. अडीच महिन्यांनी, २९ फेब्रुवारी १९४० ला, तिला साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. ऑस्कर जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. त्या रात्रीही तिचे टेबल बाकीच्यांपासून दूर, भिंतीकडेला मांडलेले होते. आणि ज्या भूमिकेने तिला हा मान मिळवून दिला त्या दाईला चार तासांच्या चित्रपटात स्वतःचे नावदेखील नाही.

हे सगळे ठाऊक असूनही आमच्यापैकी बहुतेकांना चित्रपट आवडला, हे लपवण्यात अर्थ नाही. मला स्वतःला त्याचा मध्यंतरानंतरचा भाग जास्त आवडतो. मध्यंतरापर्यंत युद्ध, आग, पळापळ, डोळे दिपवणारे रंग. नंतर काय? जमिनीवरचा कर भरायला पैसे नाहीत. त्यासाठी नायिका स्कार्लेट बहिणीच्या वाग्दत्त वराशी लग्न लावते, लाकडाची गिरणी चालवते, कैदी मजूर स्वस्त पडतात म्हणून त्यांना राबवते. नायिका आहे म्हणून तिला कुणी साजूक केलेले नाही. युद्ध हरल्यावर माणसे पोट कसे भरतात, लाज कुठे गहाण ठेवतात, ते तिथे दिसते. गुलामांबद्दल खोटे बोलणारा चित्रपट मालकांच्या पडझडीबद्दल बऱ्यापैकी खरे बोलतो, आणि मला वाटते तो टिकला तो या दुसऱ्या भागाच्या बळावर.

आपल्याकडे प्रेमकथेचा ऐतिहासिक चित्रपट मध्यंतरानंतर सरळ मरणाकडे निघतो.

बाजीराव-मस्तानीची कथा पडद्याला नवी नाही. १९२५ मध्ये, चित्रपट बोलतही नव्हता तेव्हा, नानुभाई देसाई आणि भालजी पेंढारकर यांनी ती पडद्यावर आणली होती. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ ची. तिच्यावरून दूरदर्शनची मालिका झाली. मनोज जोशींचा बाजीराव आणि अश्विनी भावेंची मस्तानी आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे. दिग्दर्शक भन्साळींनी ‘राऊ’वरच चित्रपट करायचे ठरवले, २००३ च्या सुमारास जाहीर केले, आणि नट बदलत बदलत बारा वर्षांनी केला. दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळाले, सुदीप चॅटर्जींना छायाचित्रणाचे आणि बाजीरावाची आई राधाबाई झालेल्या तन्वी आझमींना साहाय्यक अभिनेत्रीचे. शेवटचे पारितोषिक तर शंभर टक्के योग्य. केस उतरवलेली, पांढऱ्या लुगड्यातली ती सासू पडद्यावर आली की मला ओळखीच्या दोन-तीन म्हाताऱ्या आठवून पाठीत कळ यायची.

भन्साळींचा आईना महाल आला कुठून, हेही जाता जाता सांगतो. १९६० साली मुंबईच्या मराठा मंदिरात ‘मुघल-ए-आझम’ लागला, आणि के. आसिफच्या शीशमहालाने हिंदी चित्रपटाला कायमचा धडा घालून दिला की बादशहाच्या तोंडावर प्रेमाची कबुली द्यायची तर ती आरशांच्या खोलीत, नाचत द्यावी. ‘दीवानी मस्तानी’ या गाण्यातला आईना महाल त्या शीशमहालाचा नातू आहे. गंमत अशी की शनिवारवाड्यात खरोखरच आरसे महाल होता. पण १८२८ च्या आगीत वाडा आतून जळून गेला. उरले ते दिल्ली दरवाजा, मस्तानी दरवाजा, तटबंदी आणि जोती. टाराला नुसता दर्शनी भाग होता, शनिवारवाड्याला आता नुसता दर्शनी भाग आहे. तिथे येणारी पोरे गाइडला आईना महाल कुठे म्हणून विचारतात, आणि गाइडही गिऱ्हाईक बघून गवतातल्या कुठल्याशा जोत्याकडे बोट दाखवतो.

वाद झाला तो ‘पिंगा’ या गाण्यावरून. पेशव्यांच्या घरच्या बायका अशा नाचल्या नसत्या, बाजीरावाची पत्नी काशीबाई आणि मस्तानी एकत्र तर नाहीच नाही, हा आक्षेप. आक्षेप खरा आहे. पण मला कायम नवल वाटत आले आहे की नाचावर एवढे रान उठले, आणि शेवटाबद्दल फारसे कुणी बोलले नाही. पडद्यावर बाजीराव नर्मदाकाठी तापाने फणफणत कोसळतो, आणि त्याच क्षणी इकडे साखळदंडांतल्या मस्तानीचा श्वास थांबतो. प्रेक्षागृहात हुंदके येतात. मला आले. कागद मात्र इतके सोयीचे नाहीत.

कागद काय सांगतात? १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावाने बुंदेलखंडच्या छत्रसालाला सोडवले. मस्तानी त्या छत्रसालाची मुलगी की दरबारातली कलावंतीण, यावर इतिहासकार आजही भांडतात. १७३० च्या जानेवारीत शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, त्याच महिन्यात बाजीरावाच्या मुलाचे, नानासाहेबांचे, लग्न झाले; अस्सल कागदांत मस्तानीचे नाव पहिल्यांदा येते ते या लग्नाच्या निमित्ताने, असे रियासतकार सरदेसाईंनी नोंदवले आहे. सरदेसाईंनीच १९३० ते १९३४ च्या दरम्यान पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. एवढ्या कागदांच्या डोंगरात मस्तानीच्या वाट्याला आलेली पत्रे थोडी, आणि त्यांतली बरीच घरातल्या कटकटीची. १७४० च्या सुरुवातीला मुंजी-लग्नांची घाई होती आणि ब्रह्मवृंद मस्तानीवरून अडून बसला होता. बाजीराव मोहिमेवर, इकडे मस्तानी नजरकैदेत. २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला बाजीराव गेला. वय एकोणचाळीस. मस्तानी त्यानंतर लवकरच गेली. विष घेतले म्हणतात, धक्क्याने गेली म्हणतात, सती गेली असेही म्हणतात. कागद गप्प आहेत. द. ग. गोडसे यांच्यासारख्या रंगभूमीवरच्या नेपथ्यकाराने आयुष्याच्या उतारावर ‘मस्तानी’ हे पुस्तक लिहिले ते या दंतकथांचे थर खरवडण्यासाठीच. चित्रपट पाहून झाल्यावर आमच्या गटातल्या प्रत्येकाने ते वाचावे अशी मी सक्ती केली होती. निम्म्यांनी वाचले.

आता मध्यंतरानंतरची गोष्ट, जी भन्साळींनी केली नाही आणि ‘राऊ’च्याही कक्षेत ती नव्हती. १७३४ या एकाच वर्षी काशीबाईंना रघुनाथराव झाला आणि मस्तानीला मुलगा झाला, पुढचा समशेर बहाद्दर. आईबाप एका वर्षात गेले तेव्हा हे पोर सहा वर्षांचे. त्याला वाढवले काशीबाईंनी. ज्या बाईचे दुःख आपण पडद्यावर पाहिले, तिने सवतीचा मुलगा आपल्या मुलांबरोबर मोठा केला. त्याला पेशव्यांच्या फौजेत जागा मिळाली. १४ जानेवारी १७६१ ला तो पानिपतावर होता. जखमी अवस्थेत सूरजमल जाटाच्या मुलखात डीगला पोचला आणि तिथे गेला. वय सत्तावीसच्या आसपास. त्याच्या मुलाने, अली बहाद्दरने, आजीच्या बुंदेलखंडात जाऊन बांद्याची नबाबी उभी केली. त्याच घराण्यातला दुसरा अली बहाद्दर १८५७ च्या बंडात इंग्रजांविरुद्ध उतरला. पुण्यात ज्या मुलाच्या मुंजीवरून वाद घातले गेले त्याचे वंशज शंभर वर्षांनी पेशव्यांच्याच वंशजांच्या बाजूने लढले. यात चित्रपट नाही, असे कोण म्हणेल? मात्र या गोष्टीत शेवट गोड करता येत नाही आणि रडूही एकदम येत नाही. तिला स्कार्लेटच्या लाकडाच्या गिरणीसारखा रोजच्या कामाचा वास आहे.

काशीबाई पुढे चार वर्षे तीर्थयात्रेला गेल्या, परत आल्या, माहेरच्या गावात सोमेश्वराचे देऊळ बांधले आणि १७५८ मध्ये वारल्या. पडद्यावरची काशी नवऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. खरी काशीबाई त्यानंतर अठरा वर्षे जगली.

हे सगळे माणमध्ये बसून लिहायचे कारण काय, असे कुणी विचारेल. माण मुळशी तालुक्यातले. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा आमच्या शिवारावर उभा आहे. भाताच्या खाचरांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. इथे इतिहास शोधायला कुणी येत नाही. पण इथल्या बांधकामांवर बुंदेलखंडातून आलेले मजूर भेटतात, छतरपूरचे, पन्नाचे, बांद्याचे. त्यांच्याशी छत्रसालाचे नाव काढून बघा. एका गवंड्याने मला त्यांच्याकडच्या धुबेलाच्या मस्तानी महालाची माहिती दिली, आणि वर विचारले, ‘आपके यहाँ उनका क्या है?’ मी शनिवारवाडा म्हणालो. तो त्याने सुट्टीच्या दिवशी पाहिला होता. ‘वहाँ तो कुछ है नहीं,’ तो म्हणाला.

त्याला मी पाबळ सांगितले. मला तेव्हा लक्षात आले की काशीबाई आणि मस्तानी या दोघींची गावे आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्याला लागूनच आहेत. भोसरी, मोशी, चाकण ओलांडून नाशिक रस्त्याने राजगुरुनगरला जायचे. तिथून वाडा रस्त्याने पश्चिमेला वळले की भीमेच्या अंगाने चास येते. महादजी कृष्ण जोशी या सावकारांचे हे गाव, काशीबाईंचे माहेर. राजगुरुनगरहूनच पूर्वेला, शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की पाबळ. बाजीरावाने मस्तानीला इनाम दिलेल्या गावांपैकी हे एक. एका बाजारगावातून दोन दिशांना दोन रस्ते फुटतात आणि दोन्हींच्या टोकाला या गोष्टीतली एकेक बाई आहे. कुठल्याही पटकथाकाराने हे लिहिले असते तर अति झाले म्हणून आपणच नाक मुरडले असते.

चासला सोमेश्वराच्या आवारातली दीपमाळ बघत उभे राहावे. दगडाची, वर निमुळती होत गेलेली, अंगावर दिव्यांसाठी पुढे काढलेल्या दगडांच्या ओळीच ओळी. कुठे नक्षीचा हव्यास नाही, काम भक्कम. पैसा आहे, अधिकार आहे, आणि तो माहेरी आणून देवाच्या दारात लावला आहे, एवढे ती दीपमाळ बघून कळते. पाबळला याच्या नेमके उलटे. भिंतीच्या आत मस्तानीची साधी दगडी कबर. चित्रपटानंतर बघायला येणारे वाढले. मी गेलो होतो तेव्हा दोन कॉलेजच्या मुली तिथे मोबाइल टेकवून रील करत होत्या, आणि त्यांनी लावलेले गाणे ‘दीवानी मस्तानी’च होते. मला आधी राग आला. मग वाटले, त्या गाण्याशिवाय या मुली पाबळला आल्या असत्या का? गावातल्या शाळकरी पोरांना पाबळ म्हटले की विज्ञान आश्रम आठवतो, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला, आणि ते रास्तच आहे. मस्तानीसाठी वाट वाकडी करायला लोकांना लावले ते एका चित्रपटाने. कागदांच्या पंचेचाळीस खंडांना ते जमले नव्हते.

म्हणून या पुस्तिकेत चित्रपटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही, असे आम्ही ठरवले. भन्साळींनी इतिहास बिघडवला असे म्हणणारा एक लेख यात आहे आणि तो मला एकांगी वाटतो. कादंबरीकाराला किंवा दिग्दर्शकाला गोष्ट बदलायचा हक्क आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या गोष्टीत प्रेक्षकाला बाजीरावाच्या आणि मस्तानीच्या दुःखाशेजारी बसवले जाते, थोडा वेळ काशीबाईंच्याही. समशेरच्या शेजारी कुणी बसवत नाही. अमेरिकेत मॅमीच्या शेजारी बसायला ऐंशी वर्षे आणि एक प्रस्तावना लागली. तिथल्या गुलामगिरीची आणि इथल्या एका घरातल्या सोवळ्याओवळ्याची बरोबरी मी करत नाही. यातना मोजायचा तराजू माझ्याकडे नाही. पण चौकटीबाहेर कोण राहिले हे विचारायची सवय दोन्हीकडे सारखीच उपयोगी आहे, आणि ती सवय लागली की चित्रपट बघण्यातली मजा कमी होत नाही, हा आमचा अनुभव.

पुढचे लेख कुठल्याही क्रमाने वाचले तरी चालतील. कपड्यांवरचा लेख आधी वाचा, तो सगळ्यांत चांगला उतरला आहे. नऊवारी आणि अनारकली यांच्यामधून दोन घरांचे भांडण कसे दाखवले आहे ते त्यात बारकाईने आले आहे. ‘राऊ’वरचा लेख लांब आहे, पण लेखिकेने इनामदारांच्या ‘शिकस्त’शी ‘राऊ’ची जी सांगड घातली आहे ती माझ्या तरी वाचनात दुसरीकडे आलेली नाही. ‘गॉन विथ द विंड’च्या संगीतावरच्या टिपणाला मी हात लावलेला नाही, कारण त्यातले मला कळत नाही.

आणि ज्यांना चास-पाबळ करायचे असेल त्यांच्यासाठी: दोन्ही गावे एका दिवसात होतात. रविवार धरा. आधी चास, मग राजगुरुनगरला जेवण, मग पाबळ. येताना शिक्रापूरवरून चाकणला यायचा मोह टाळा, तो रस्ता कंटेनरांचा आहे. जाताना चाकणचा तळेगाव चौक सकाळी आठच्या आत ओलांडता आला पाहिजे. नाहीतर तुमचा मध्यंतर तिथेच होईल.